पैसे दिल्यावर विचारायचे कोणाला?

चांगल्या सार्वजनिक सेवा मिळणार असतील तर मतदार जास्त कर भरायला राजी होतील का, हा प्रश्न एरवी अर्थसंकल्पाच्या आठवड्यात चर्चेला येतो आणि त्यावर बोलणारी मंडळी बहुतेक आयकराचे विवरणपत्र भरणारी असतात. विदर्भातल्या खेड्यात मात्र हाच प्रश्न दरवर्षी मार्च महिन्यात घरोघरी विचारला जातो. ग्रामपंचायतीचा चपराशी मागणीची बिले घेऊन निघतो. घरपट्टी, दिवाबत्ती कर, आरोग्य कर आणि पाणीपट्टी अशा ओळींची बेरीज खाली लिहिलेली असते, मागची बाकी वेगळी दाखवलेली असते, आणि दारात उभा असलेला माणूस तो कागद उलटसुलट करून "हरभरा विकला का देतो" असे सांगून आत जातो. या टाळाटाळीवरून गाव कर भरायला तयार नाही असा निष्कर्ष काढणे सोपे आहे आणि तालुक्याच्या आढावा बैठकांत तो काढलाही जातो. मला तो पटत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवताना आणि निवृत्तीनंतर गावाच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर काम करताना लोकांचे पैशाविषयीचे बोलणे मी जवळून ऐकले आहे. दिलेल्या पैशाचा जाब कोणाला विचारायचा हे जिथे कळत नाही तिथे इथल्या माणसाचा हात मागे येतो आणि जिथे कळते तिथे तो ऐपतीपेक्षाही पुढे जातो, असे माझे मत झाले आहे.

आमचे गाव पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेल्या या पट्ट्यात जमीन काळी आणि कसदार असली तरी तिच्या पोटातले पाणी खारट आहे. ते पिता येत नाही, त्यावर डाळ शिजत नाही, आणि ओलितासाठी ते सतत वापरले तर जमीन चोपण, म्हणजे घट्ट आणि नापीक, होत जाते. पिण्याचे गोड पाणी सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या धरणांतून नळाने आणावे लागते. दुसऱ्या भागातल्या गावात नळ बंद पडला तर माणूस बादली घेऊन विहिरीवर जाऊ शकतो. आमच्याकडे सार्वजनिक नळ बंद पडला की पाणी विकत घ्यायचे किंवा खारे प्यायचे, एवढेच उरते. म्हणून कर आणि सेवा यांचा संबंध इथे पुस्तकात शोधावा लागत नाही. तो रोज सकाळी पाण्याच्या हंड्या-गुंडात दिसतो.

खेड्यातली माणसे कर भरतच नाहीत, हा शहरातला समज आधी बाजूला ठेवला पाहिजे. शेतीच्या उत्पन्नाला आयकर कायद्यानुसार सूट आहे हे खरे. परंतु राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार २०१८-१९ मध्ये देशातल्या शेतकरी कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होते. ती सूट उद्या काढून घेतली तरी त्यातले बहुसंख्य लोक आयकराच्या मर्यादेत येणार नाहीत. उलट कपाशीवर फवारायच्या रासायनिक कीटकनाशकावर १८ टक्के वस्तू व सेवा कर आहे. अंगाला लावायच्या साबणावर आणि लेकराच्या हातातल्या बिस्किटावरही २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत तेवढाच कर होता. आता तो ५ टक्के झाला आहे. हा कर गावातल्या किराणा दुकानात, मजुरी करणाऱ्या बाईच्या कनवटीतून भरला जातो आणि भरणाऱ्याला त्याची पावती मिळत नाही. पुड्यावर फक्त किंमत छापलेली असते. कर वाढला तेव्हा तिला कोणी विचारले नाही आणि घटला तेव्हाही तिच्या हातात वेगळा असा काही पैसा पडला नाही. अशा कराबद्दल माणूस कुरकुर करत नाही म्हणून त्याची संमती आहे असे धरणे मला फार धोक्याचे वाटते, कारण ज्याला आपण भरतो हेच ठाऊक नाही तो त्या पैशाचा हिशोब मागायला कधीच उठणार नाही.

कराचे नाव काढले की शेतकरी चिडतो हेही तितकेसे खरे नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्र सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत उठवले. आयात शुल्क हाही करच आहे, आणि तो उठला म्हणून विदर्भातल्या कापूस उत्पादकाला आनंद झाला नाही. तो राहावा अशीच त्याची मागणी होती. आमच्या पारावर त्या दिवसांत शुल्काची टक्केवारी, हमीभाव आणि बाहेरच्या गाठींचा भाव यांवर जितकी तपशीलवार चर्चा झाली तितकी मी कोणत्याही भाषणात ऐकली नाही. जो कर आपल्या मालाच्या आड उभा राहतो तो माणसाला बरोबर समजतो.

या सगळ्या करांत ग्रामपंचायतीचा कर एकटाच असा आहे की जो नाव लिहिलेल्या बिलावर मागितला जातो, हातात मोजून दिला जातो आणि ज्याची नमुना १० ची पावती मिळते. पण तो इतका थोडा आहे की पंचायतीचे त्यावर काही चालत नाही. रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२४ मध्ये पंचायतराज संस्थांच्या वित्तस्थितीवर अहवाल प्रसिद्ध केला. त्यानुसार देशभरातल्या पंचायतींच्या उत्पन्नात त्यांच्या स्वतःच्या करांचा वाटा जेमतेम एक टक्का आहे आणि बाकीचे जवळजवळ सगळे केंद्राच्या व राज्याच्या अनुदानातून येते. राज्यघटनेच्या ७३ व्या दुरुस्तीने पंचायतींना कर बसवण्याचा अधिकार देण्याची मुभा राज्यांना देऊन तीन दशके उलटली, त्यानंतरचे हे चित्र आहे. शंभरातला एक रुपया गावाचा असेल तर सरपंच गावाकडे पाठ करून पंचायत समितीच्या पायऱ्या चढणार, हे ओघाने आले. त्यासाठी तो वाईट माणूस असावा लागत नाही.

अनुदानाचा आणखी एक परिणाम आहे आणि तो बाहेरून दिसत नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामीण स्थानिक संस्थांना २,३६,८०५ कोटी रुपये सुचवले, त्यातले ६० टक्के पाणी आणि स्वच्छता यांच्याशी बांधलेले. जलजीवन मिशनने २०१९ पासून माणशी रोज ५५ लिटर पाण्याचे उद्दिष्ट ठेवून नळजोडण्यांचा कार्यक्रम हाती घेतला. टाकी, पाइप, नळ यांच्यासाठी पैसा येतो, फलक लागतो, भूमिपूजन होते. परंतु व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसाचा पगार, पाणी निर्जंतुक करायची टीसीएल पावडर, पंपाचे वीजबिल आणि जळालेली मोटार यांच्यासाठी रोजच्या रोज लागणारा पैसा हा शेवटी पाणीपट्टीतूनच उभा राहिला पाहिजे. आमच्या पंपघराच्या भिंतीवर काळपट डाग आहे. उन्हाळ्यात विजेचा दाब कमी-जास्त झाला की स्टार्टर पडतो, कोणीतरी घाईने तो पुन्हा दाबून धरतो, आणि वाइंडिंग जळाल्याचा उग्र वास पार शाळेपर्यंत येतो. मग मोटार काढायची, ट्रॅक्टरवर टाकून तालुक्याला न्यायची आणि दुकानदाराला "बिल मार्चनंतर देतो" असे सांगायचे. दुकानदार ओळखीचा असेल तर चार दिवसांत मोटार परत येते. तो मागच्या बाकीवर अडला असेल तर आठवडा जातो, आणि त्या आठवड्यात गावातल्या बायका काय करतात हे वीजपुरवठ्याच्या कोणत्याही नोंदवहीत लिहिले जात नाही.

पाणीपट्टी वाढवण्याचा विषय आम्ही ग्रामसभेत ठेवला तेव्हा मला खात्री होती की आरडाओरड होईल. पहिली सभा गणपूर्तीअभावी तहकूब झाली. मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, यांतले जे कमी असेल तेवढी माणसे लागतात आणि तेवढीही जमली नाहीत. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, म्हणून दुसऱ्या खेपेला कामकाज झाले, आणि गंमत म्हणजे त्या वेळी माणसे जास्त आली, कारण दर वाढणार ही बातमी तोवर गावभर झाली होती. मी खर्च वाचून दाखवला. विजेचे किती, पावडरचे किती, मोटारीचे किती. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग मागे बसलेली एक म्हातारी, जिच्या नातवंडांना मी शिकवले आहे, उठून म्हणाली, "गुरुजी, पैसे द्याले आमची ना नाई. पन पैसे देल्ल्यावर इचाराचं कोनाले, थे सांगा." तिच्या पाठोपाठ एक तरुण उभा राहिला आणि म्हणाला, "पयले मोठ्याइची थकबाकी वाचा. मंग आमचे वाढवा."

या दोन वाक्यांच्या पलीकडे या विषयावर जास्त काही शिल्लक राहते असे मला वाटत नाही, म्हणून त्यांच्यावर थोडे थांबतो.

म्हातारीचा प्रश्न साधा नव्हता. नळाला पाणी आले नाही तर चूक पंचायतीच्या मोटारीची असते, धरणावरून येणाऱ्या मुख्य जलवाहिनीची असते, मधल्या कोणत्या तरी गावाने फोडलेल्या पाइपची असते, किंवा विजेची असते. पंचायत म्हणते वरून पाणी नाही, वरचे म्हणतात तुमच्या गावाची थकबाकी आहे, आणि विजेचे लोक तिसरेच काही सांगतात. ती म्हातारी पाणीपट्टी पंचायतीला देते, पण तिच्या नळावर सत्ता चालते ती तिला कधी न दिसणाऱ्या तीन-चार कार्यालयांची. पैसा एकाच्या हातात आणि जबाबदारी अनेकांच्या, अशी ही मांडणी आहे, आणि हेच तालुक्याच्या रुग्णालयाला, एसटीच्या फेरीला आणि शाळेच्या रिकाम्या शिक्षकपदालाही लागू पडते. जो कर कोणत्या टेबलावर जाऊन थांबतो ते दाखवता येत नाही तो वाढवायला लोकांनी हो म्हणावे, अशी अपेक्षा करण्याचा अधिकार मला तरी दिसत नाही.

तरुणाचे म्हणणे अधिक टोचणारे होते. ज्या घरांची बाकी सर्वांत मोठी असते ती घरे बहुधा गरिबांची नसतात. आरसीसीची दुमजली घरे, रस्त्यालगतचे गाळे, कधी जिनिंग, कधी गोडाऊन, कधी गावात राहत नसलेल्या नोकरदारांचे बंद वाडे. घरपट्टी २०१५ च्या सुधारित नियमांनुसार इमारतीच्या भांडवली मूल्यावर लावायची असते, त्यामुळे पक्क्या घराला जास्त आणि मातीच्या घराला कमी असा न्याय कागदावर आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ प्रमाणे बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य अपात्र ठरतो, हेही कागदावर आहे. त्यामुळे निवडणुकीचा अर्ज भरण्याच्या वेळी काही मोठ्या बाक्या एका दिवसात भरल्या जातात आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याच्या टेबलावर गर्दी होते. लहान माणूस ते पाहतो. २०२५ मध्ये मुख्यमंत्री समृद्ध पंचायतराज अभियानाच्या निमित्ताने चालू कर भरणाऱ्यांची जुनी थकबाकी निम्मी माफ करण्याची मुभा ग्रामपंचायतींना मिळाली. वसुली वाढावी हा त्यामागचा हेतू मी समजू शकतो. पण ज्या विधवा बाईने दरवर्षी सोयाबीन विकून वेळेवर पावती फाडली तिला मी काय सांगावे? तिच्या प्रामाणिकपणाला सूट नव्हती. कर वाढवण्याआधी दिलेली प्रत्येक माफी ही वेळेवर भरणाऱ्या माणसाकडून घेतलेली असते, हे मी त्या सभेतही बोललो आणि इथेही लिहितो.

आता याच गावाची दुसरी बाजू पाहावी. भागवत सप्ताह असो, मारुतीच्या देवळाचा जीर्णोद्धार असो, महाप्रसाद असो, वर्गणी मागायला गेलेल्या पोरांना रिकाम्या हाताने परत यावे लागत नाही. ज्यांच्या घरपट्टीची बाकी आहे तेही देतात. हे उदाहरण लोक बहुधा रागाने देतात, की देवाला द्यायला पैसा आहे आणि नळाला नाही. मी त्याकडे रागाने पाहू शकत नाही, कारण वर्गणीची व्यवस्था नीट पाहिली तर ती कराच्या व्यवस्थेपेक्षा अनेक बाबतींत सरस आहे. मागायला येणारा ओळखीचा असतो. ज्याची जशी ऐपत तसा आकडा लिहिला जातो आणि दहा रुपयांवर कोणी नाक मुरडत नाही. काल्याच्या दिवशी माइकवरून नावे वाचली जातात, मोठ्या शेतकऱ्याचे नाव आधी येते आणि त्याने कमी दिले असेल तर तेही सगळ्या मंडपाला कळते. तांदूळ किती आणला, तेल किती लागले, शिल्लक किती उरली, हे दुसऱ्या दिवशी पारावर सांगितले जाते आणि हिशोब चुकला तर पुढच्या वर्षी तो माणूस वर्गणीला फिरकू शकत नाही. जेवण तर सर्वांनी एकाच पंगतीत घेतलेले असते. पंचायतीचा कर यांतल्या निम्म्या गोष्टी तरी का करू शकत नाही, हा प्रश्न मला सतावतो. त्यासाठी कायदा बदलावा लागत नाही, एक माइक आणि एक फळा पुरतो.

आमच्याच विदर्भात याहून पुढे गेलेले गाव आहे. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाने "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा दिली ती बहुतेकांनी ऐकली आहे. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूची वाहतूक परवाना पुस्तिका ग्रामसभेच्या हाती आली, हेही वर्तमानपत्रांत आले. त्या मानाने कमी बोलली गेलेली गोष्ट म्हणजे तिथला ग्रामकोष. ग्रामसभेमार्फत मिळालेल्या कामाच्या मजुरीतून दहा टक्के रक्कम ग्रामकोषात द्यायची, असे त्या गावाने स्वतः ठरवले. दहा टक्के! पोटापुरती मजुरी असलेल्या माणसांनी हा दर स्वतःवर लावून घेतला, तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने, कारण तिथे निर्णय तसेच होतात आणि एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या सभेवर जातो. तो पैसा कुठे ठेवला आहे आणि कशाला काढला हे प्रत्येकाला ठाऊक असते. मेंढ्याची लोकसंख्या लहान आहे, समाज एकजिनसी आहे, वर जंगल आहे, तेव्हा त्याची नक्कल जशीच्या तशी आमच्या जातीपातीच्या, पक्षांच्या आणि भावकीच्या गावात होणार नाही हे मी मानतो. तरीही गरीब माणूस कर देत नाही असे यानंतर कोणी म्हणू नये.

राज्याच्या पातळीवरही महाराष्ट्राने एकदा हे करून दाखवले आहे. १९७२ च्या दुष्काळाने गावेच्या गावे खडी फोडायला बसवली आणि त्यातून रोजगार हमीचा विचार कायद्यापर्यंत गेला. विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी त्याआधी १९६५ मध्ये सांगली जिल्ह्यात तासगाव तालुक्यातल्या विसापूरला त्याचा प्रयोग केला होता. काम मागेल त्याला काम द्यायचे तर पैसा कुठून आणायचा, या प्रश्नावर राज्याने १९७५ मध्ये व्यवसाय कर लावला, ओलिताच्या शेतीवर आणि इतर काही करांवर अधिभार बसवला, आणि यातून जेवढी रक्कम जमा होईल तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची असे ठरले. १९७७ चा रोजगार हमी अधिनियम २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मुंबईच्या गिरणीतला पगारदार, पुण्याचा वकील, नागपूरचा डॉक्टर यांनी भरलेल्या करातून विदर्भ-मराठवाड्यातल्या मजुराला पाझर तलावाच्या कामावर हजेरी मिळाली. माझ्या लहानपणी घरात त्या हजेरीचे पैसे आलेले आहेत, म्हणून हे मी अलिप्तपणे लिहू शकत नाही. त्या काळी दुष्काळ सगळ्यांनी पाहिला होता, कराचे कारण प्रत्येकाला सांगता येत होते आणि पैशाला एक नाव होते. आज तोच व्यवसाय कर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये असा पगारातून कापला जातो, आणि तो मुळात कशासाठी लावला होता हे ज्यांच्या पगारातून तो जातो त्यांच्यापैकी फार थोड्यांना आठवते.

नाव सांगून घेतलेला पैसा नाव विसरून वापरला की काय होते, याचे उदाहरणही जवळचेच आहे. २०१५ च्या दुष्काळात राज्याने पेट्रोल आणि डिझेलवर लिटरमागे दोन रुपये अधिभार दुष्काळासाठी म्हणून लावला. तेव्हा गावात त्याविरुद्ध कोणी फारसे बोलले नाही, कारण दुष्काळ आमच्याच शेतात होता. पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला, पण अधिभार उतरला नाही. डिझेलवर ट्रॅक्टर चालवणारा शेतकरी हे विसरत नाही. पुढच्या वेळी कोणी आरोग्यासाठी अमुक अधिभार असे म्हणेल तेव्हा त्याच्या मनात तो दोन रुपयांचा हिशोब उभा राहील, आणि मग आपण त्याला करविरोधी म्हणू.

लाडकी बहीण योजनेविषयी इथे बोलणे टाळता येणार नाही. जुलै २०२४ पासूनचे दरमहा १,५०० रुपये त्या ऑगस्टपासून बायकांच्या खात्यात येऊ लागले. तेव्हाच्या अर्थसंकल्पात वर्षाला ४६,००० कोटींचा अंदाज होता. शहरातले माझे काही स्नेही विचारतात की एवढ्या पैशात किती दवाखाने झाले असते, आणि मतदारांनी दवाखाने का मागितले नाहीत. मी त्यांना सांगतो की त्या बाईला दवाखान्याचा अनुभव आहे. सरकारी दवाखान्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत हे तिला माहीत आहे. पण रात्री डॉक्टर नसतो, औषध बाहेरून आणायला सांगतात, आणि रुग्णवाहिका येईपर्यंत खाजगी गाडीवाल्याला पैसे देऊन झालेले असतात, हेही तिला माहीत आहे. खात्यातल्या दीड हजाराचा मेसेज मात्र तिच्या मोबाइलवर वाजतो. तिने रोख रक्कम निवडली यात लोभ नाही. सेवा पोहोचेल याची तिला खात्री नाही आणि रोख पोहोचते याची आहे. उद्या तिला रात्रपाळीचा डॉक्टर सलग वर्षभर दिसला तर ती काय निवडेल हे आज कोणी ठामपणे सांगू नये.

दरम्यान ती आणि तिच्यासारखी सगळी घरे एक वेगळाच कर भरत आहेत, आणि तो ठरवणाऱ्याला कोणी निवडून दिलेले नाही. समजा घरात दिवसाआड वीस लिटरची एक कॅन दहा रुपयांना येते. वर्षाचे अठराशे रुपये झाले, आणि ते एवढेच की पिण्यापुरते. कोणतीही ग्रामसभा पाणीपट्टी अठराशे करायला धजणार नाही, तरी घरे तेवढे पैसे मुकाट्याने देत आहेत. मुलाला तालुक्याच्या कॉन्व्हेंटमध्ये घातले की फी वेगळी आणि व्हॅनचे वेगळे. एसटीची फेरी बंद झाली की काळी-पिवळीचे भाडे. खाजगी दवाखान्याचे तर बोलायलाच नको, तिथे एका आजारपणात एकरभर जमीन गहाण पडते. शिक्षक म्हणून मला सर्वांत जास्त दुःख कॉन्व्हेंटच्या व्हॅनचे होते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून पहिल्यांदा निघून गेली ती गावातल्या बोलत्या माणसांची मुले, म्हणजे सदस्यांची, दुकानदारांची आणि आम्हा शिक्षकांचीही. शाळेचे छत गळते म्हणून तहसीलपर्यंत जाऊन भांडू शकणारा पालक राहिला नाही, आणि जे राहिले त्यांची मजुरी एक दिवस बुडाली तर चूल अडते. सेवा अशी आतून रिकामी होते, आणि मग तिच्यासाठी जास्त कर का द्यावा हा प्रश्न रास्त वाटू लागतो. त्यामुळे आधी कर की आधी सेवा, या वादात मी दुसऱ्या बाजूचा आहे. एक तरी सेवा आधी डोळ्यांसमोर उभी करावी, मग तिच्या नावाने मागावे.

ज्यांना खरोखर देता येणार नाही त्यांचा विचार यात आधी व्हावा लागतो. कोरडवाहू दोन एकर, कपाशीवर बोंडअळी, वर कर्ज, अशा घराला दरवाढ सांगताना जीभ अडखळते, आणि या जिल्ह्यांत ती अडखळलीच पाहिजे. वर्गणीत दहा रुपयांचीही नोंद होते, तशी सोय पाणीपट्टीत करायला हरकत नाही. भूमिहीन आणि एकट्या बाईच्या घराला जुनाच दर ठेवता येईल, एकाच जोडणीवर चालणाऱ्या दुकानांना आणि गोठ्यांना वाढीव दर लावता येईल, आणि ही वर्गवारी पंचायतीच्या खोलीत न ठरवता वाचून ठरवता येईल.

आमच्या समितीने येत्या ग्रामसभेसाठी ठराव लिहून ठेवला आहे. दर वाढेल तो फक्त मोटार, वीज, पावडर आणि पाणी सोडणाऱ्या माणसाच्या पगारासाठी, आणि तो पैसा वेगळ्या खात्यात राहील. दर महिन्याचा जमाखर्च पंपघराच्या भिंतीवर रंगवलेल्या फळ्यावर लिहिला जाईल. थकबाकीची यादी मोठ्या रकमेपासून खाली अशी वाचली जाईल आणि पहिल्या दहा नावांची वसुली झाल्याशिवाय नवा दर लागू होणार नाही. सलग चार दिवस पाणी आले नाही तर त्या महिन्याची पट्टी निम्मी होईल. या शेवटच्या अटीला ग्रामपंचायत अधिकाऱ्यांचा आक्षेप आहे, कारण मुख्य जलवाहिनी पंचायतीच्या ताब्यात नाही आणि तिच्या बंद पडण्याचा भुर्दंड पंचायतीने का सोसावा, असे त्यांचे म्हणणे आहे. ते चूक नाही. पण ती म्हातारीही चूक नाही, आणि पंचायतीला भुर्दंड पडू लागला तर वरच्या कार्यालयात जाऊन बसायला सरपंचाला कारण मिळेल, असे मला वाटते. पहिली दहा नावे कोणाची आहेत हे सगळ्यांना माहीत आहे. त्यांतले दोघे सदस्यांच्या सख्ख्या भावकीतले आहेत, आणि यादी वाचायची की नाही यावर समितीतच अजून एकमत व्हायचे आहे. दराचा विषय आधी महिला सभेत ठेवायचा एवढे मात्र ठरले आहे, कारण कोणत्या गल्लीत नळ किती वेळ चालतो आणि कॅनला महिन्याला किती जातात, याचा खरा हिशोब त्यांच्याचकडे आहे.